हवा वाईट आहे

मी भित्रा आहे हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना माझ्याकडून भलत्या अपेक्षा नकोत. आमच्या ऑफिसात माझ्या भित्रेपणावर वर्षभर पुरतील एवढे विनोद आहेत. पंपावर पाऊल ठेवायच्या आधी मी मोबाईल बंद करतो, बाकीच्यांचेही बंद करायला लावतो आणि कोणी विडी काढली की दहा पावलं मागे सरकतो. दीपकसर, म्हणजे आमच्या लॅबचे मालक, म्हणतात, "भुवड, तुझं तोंड बघूनच पंपवाल्यांना वाटतं आता स्फोट होणार." भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, तसा हा धंदाच माझ्या पाठी लागलाय.

धंदा असा, की रत्नागिरीत आमची माती-पाणी तपासायची छोटी खाजगी लॅब आहे. मी स्वरूप भुवड, तिथला नमुने गोळा करणारा माणूस. मे महिन्यात हायवेवरच्या एका पंपाचं काम आलं. गावाचं नाव सांगत नाही, प्रकरण अजून चालू आहे. जमिनीखालच्या पेट्रोलच्या टाकीत रोज काठी बुडवून पातळी बघतात, ती विक्रीपेक्षा जास्त उतरत होती. आधी म्हणाले उन्हाने उडून जातं. मग पंपावरच्या पोरांवर संशय घेऊन झाला. शेवटी कोणाच्या तरी डोक्यात आलं, की टाकीलाच भोक असेल तर?

पंप सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या उघड्या कातळपठारावर आहे. वर जांभा, खाली शेडी, ही आमच्याकडची जमीन. जांभा म्हणजे ज्याचे चिरे निघतात तो दगड, दिसायला टणक, पण आतून सगळा सच्छिद्र. शेडी म्हणजे त्याच्याखालची मऊ चिकट माती, तिच्यातून पाणी सहसा खाली जात नाही. त्यामुळे सड्यावर जे सांडेल ते जांभ्यातून झिरपतं, शेडीवर टेकतं आणि उताराच्या दिशेने मुकाट चालू लागतं. वरून काहीच दिसत नाही. मला भीती वाटते ती ह्याच गोष्टीची.

बाबल्याने सकाळी आठ वाजता टाकीच्या कडेने भोकं पाडायला घेतली. हा आमचा मशीनवाला, किनाऱ्यावरच्या नाटे गावचा, दर्यात वाढलेला. त्याला कशाचीच भीती वाटत नाही आणि म्हणून मला त्याचीही वाटते. पहिल्या दोन भोकांत काही नाही. तिसऱ्या भोकात, साधारण बारा फुटांवर, मातीचा गोळा वर आला आणि मला तो नाकाजवळ न्यावाही लागला नाही.

"सायबा, ह्यात गाडी चालंल," बाबल्या म्हणाला.

मी उताराकडे बघितलं. खाली काजूंच्या मधून कौलं दिसत होती, एक निळा झेंडा दिसत होता. बौद्धवाडी, पंपाचा मॅनेजर म्हणाला. सोळा घरं. आणि पाण्याला? पाण्याला बाव आहे ना त्यांची, म्हणजे विहीर. एकच.

मी रस्त्यापलीकडे जाऊन दीपकसरांना फोन लावला.

"विहिरीचा नमुना घे," ते म्हणाले, "पण तोंड उघडू नकोस. रिपोर्ट यायच्या आधी पेट्रोल हा शब्द तुझ्या तोंडून निघाला तर पंपवाले आपल्याला कोर्टात उभं करतील. खात्री झाल्याशिवाय बोलायचं नाही. हा आपल्या धंद्याचा पहिला नियम, भुवड."

खरं सांगतो, हा नियम मला फार आवडायचा. भित्र्या माणसासाठीच कोणीतरी बनवला असावा. गप्प बसायचं आणि वर त्याला शिस्त म्हणायचं.

वाडीत उतरायला पाखाडी आहे, जांभ्याच्या पायऱ्यांची वाट. यंत्राची पेटी आणि बाटल्या घेऊन मी खाली पोचलो तेव्हा साडेदहा झाले होते आणि शर्ट अंगाला चिकटला होता. विहिरीपाशी गडबड होती. दुसऱ्या दिवशी बुद्धपौर्णिमा. कठड्याला नुकताच पांढरा आणि निळा ऑइलपेंट लावलेला, थिनरचा डबा बाजूला. सगळीकडे रंगाचा वास. विहिरीतली मोटर वर काढून गोणपाटावर ठेवलेली. मे महिना, मुंबईकर मंडळी रजेवर आलेली, त्यामुळे माणसंही भरपूर.

एक म्हातारे गृहस्थ दोराचं वेटोळं तपासत बसले होते. दत्ताराम गमरे. मुंबईच्या गोदीत तीस वर्षं काढून गावी परतलेले. दर वर्षी मे महिन्यात विहीर उपसायचं काम त्यांचं, गोदीत असतानाही त्यासाठी रजा काढून यायचे. यंदा पहिल्यांदाच त्यांच्याऐवजी त्यांचा मुलगा प्रज्ञेश विहिरीत उतरणार होता.

"जय भीम, सायब. या. पानी तपासायला ना? बरं झालं," दत्तारामकाका म्हणाले. "मैना-दोन मैने पान्याला चव लागते. मोटरीचं ऑइल गळतंय. म्हटलं पौर्णिमेच्या आधी मोटर काढू, बाव उपसू, गाळ काढू. उद्याला पावने येतील."

मोटरीचं ऑइल. सोळा घरांनी मिळून शोधून काढलेलं कारण, आणि ते अगदी शहाणपणाचं होतं. जुनी मोटर, पाण्यावर तेलकट तवंग. रस्त्याने दोन किलोमीटर दूर असलेला पंप इथे सरळ डोक्यावर आहे, हे खालून कोणाला कसं सुचावं? पंपाकडे जायचा रस्ता वळसा घालून जातो, म्हणून सगळ्यांच्या मनात तो लांबच होता.

तेवढ्यात काकांची बायको, चंपाकाकी, ताटलीत पेला आणि गुळाचा खडा घेऊन आली. मागे पडवीत त्यांची सून कागदाच्या पताका कापत बसली होती. रेणुका तिचं नाव, शेजारच्या गावात शाळेवर शिक्षिका. तिला दिवस गेलेले आहेत हे लांबूनही कळत होतं.

"घ्या सायब. नाव काय तुमचं?"

"भुवड."

मी पेला उचलला. तोंडाशी नेला. आणि वास आला. रंगाचा नव्हे. तिसऱ्या भोकातून आलेला तोच वास, पातळ झालेला, थंड पाण्यातून येणारा.

"नको काकी," मी म्हणालो. "तहान नाही."

मे महिन्यात, साडेदहा वाजता, घामाने निथळत असताना मी तहान नाही म्हणालो. काकीने पेल्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. माझं आडनाव तिला आत्ताच कळलेलं. बौद्धवाडीत येऊन पाणी नाकारलं की त्याचा अर्थ काय होतो, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. दोराचं वेटोळं तपासणारे काकांचे हात थांबले आणि पुन्हा चालू झाले. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं वाटलं. खरं कारण जिभेच्या टोकावर होतं आणि टोकावरच राहिलं.

"बरं," काकी म्हणाली. पेला घेऊन ती पडवीत गेली आणि तिने तो सुनेच्या हातात दिला. मे महिन्यात आमच्याकडे भरलेलं पाणी कोणी ओतून टाकत नाही. रेणुकाने पताकांवरची नजर न हलवता तो पेला संपवला. मी बघत होतो. मी तिथेच उभा राहून बघत होतो.

मग मी काम केलं. काम करताना माणसाला बोलावं लागत नाही. बाटलीत पाणी भरून घेतलं. पेटणारी वाफ मोजायच्या यंत्राची नळी विहिरीत सोडली. सहा फुटांवर काही नाही. बारा फुटांवर आकडा थोडा हलला. अठराच्या पुढे गेलो आणि यंत्र ओरडायला लागलं. पाणी अजून दहा फूट खाली होतं.

"काय बोलतंय मशीन?" प्रज्ञेशने विचारलं. पंचविशी-तिशीचा, हाफपँटवर, कंबरेला टॉवेल बांधून उतरायला तयार.

मी यंत्र बंद केलं. डोक्यात दीपकसरांचा आवाज, आणि डोळ्यांसमोर हा पोरगा त्या अठरा फुटांच्या खाली गेलेला. श्वासातून ती वाफ आत गेली तर तो पायरीवरून खाली कोसळेल. त्याला उतरू द्यायचा नाही आणि तो शब्दही उच्चारायचा नाही. साप मरावा आणि काठीही मोडू नये.

"हवा वाईट आहे," मी म्हणालो. "आज विहिरीत उतरू नका. रिपोर्ट आला की कळवतो."

प्रज्ञेश वैतागला. "रिपोर्ट कधी येणार? उद्या पौर्णिमा आहे."

पण दत्तारामकाकांनी त्याला हाताने गप्प केलं. "हवा वायट?" त्यांनी विचारलं. अगदी गंभीरपणे. "बरं झालं सांगितलंत सायब. बगतो मी."

माझा जीव भांड्यात पडला. पाण्याचा राग मनात असूनही म्हाताऱ्याने माझं ऐकलं होतं. मी त्यांना माझा नंबर लिहून दिला. त्यांचा घ्यायचं सुचलं नाही. पाखाडी चढताना तर मला स्वतःच्या हुशारीचं थोडं कौतुकही वाटलं.

वर बाबल्या मशीनच्या सावलीत डबा उघडून बसला होता. मीही बसलो. एक वाजायला आला होता.

"खाली काय सांगितलंस त्यांना?" भाकरी मोडत त्याने विचारलं.

"हवा वाईट आहे म्हटलं. उतरू नका म्हटलं."

"मंग आता कंदील सोडतील ते."

"कंदील?"

बाबल्याने माझ्याकडे बघितलं. मी अलोऱ्याचा, कोयना प्रकल्पाच्या कॉलनीत वाढलेला. जन्मापासून नळ फिरवला की पाणी. विहिरी मी शेकड्यांनी मोजल्यात, पण एकाही विहिरीचं पाणी काढून आंघोळ केलेली नाही. बाबल्या लहान मुलाला सांगावं तसं सांगायला लागला.

"अरे, बावीत वायट हवा असली की मानूस आत गुदमरतो. म्हनून उतरायच्या आधी पेटता कंदील दोराला बांधून सोडायचा. विझला तर हवा वायट, उतरायचं नाय. जळत ऱ्हायला तर हवा बरी, उतरायचं. हे आमच्याकडं सगळ्यांना ठावं असतं. तू बोललास हवा वायट, म्हंजे तू त्यांना कंदील सोडा असंच बोललास."

त्याने घास तोंडात घातला. मग तो चावायचा थांबला. तिसऱ्या भोकातली माती त्याने माझ्याबरोबरच बघितली होती.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. हे नुसतं म्हणायला म्हणत नाही, जीभ खरंच टाळ्याला चिकटली. खिशात फोन होता, पण कोणाला लावणार? गाडीने गेलं तर वळसा आणि त्यात रस्त्याचं काम चाललेलं. मी उठलो तेव्हा डबा उपडा झाला. बाबल्या मागून काहीतरी ओरडला. मी पाखाडीच्या दिशेने पळत सुटलो होतो.

माझं वय एकेचाळीस. शाळेत असतानाही मी कधी धावलो नव्हतो, पडायची भीती वाटायची. त्या पायऱ्या मी कशा उतरलो ते मला आठवत नाही. फक्त एवढं आठवतं, की कान सतत खाली लावलेले होते आणि प्रत्येक पावलाला वाटत होतं आता, आता ऐकू येणार. कसा असतो तो आवाज? मी कधी ऐकला नव्हता. पुस्तकात वाचला होता. विहीर म्हणजे बंदुकीच्या नळीसारखी, जे होतं ते सगळं वरच्या तोंडाने बाहेर येतं, आणि वरच्या तोंडाशी माणसं उभी असतात.

अर्ध्या वाटेवर आवाज आला. माणसाचा.

"एक वाव!"

दत्तारामकाकांचा आवाज होता, मोठा आणि मोजका. गोदीतल्या माणसाची सवय, दोर सोडताना मोठ्याने मोजायचं. वाव म्हणजे दोन्ही हात पसरल्यावर भरतं तेवढं अंतर, सहा फूट. एक वाव म्हणजे सहा. दोन म्हणजे बारा. तीन म्हणजे अठरा, आणि अठरावर माझं यंत्र ओरडलं होतं.

मी ओरडायचा प्रयत्न केला. छातीतून हवाच निघेना.

"दोन वाव!"

काजूंच्या मधून विहीर दिसली. वीसेक माणसं. प्रज्ञेश कंबरेला दोर बांधून कठड्यावर बसलेला, एक पाय आत सोडलेला. चार-पाच पोरं कठड्यावर पोट टेकून आत डोकावत होती.

"आजोबा, ज्योत बघा, निळी!" त्यातली एक मुलगी आनंदाने म्हणाली. "निळी झाली ज्योत!"

पोरं टाळ्या वाजवायला लागली. पौर्णिमेच्या आदल्या दिवशी निळी ज्योत, त्यांना ते चांगलंच वाटलं असणार. मला तिचा अर्थ माहीत होता. वाफ ज्योतीच्या भोवती जळायला लागली होती. अजून विरळ होती म्हणून नुसती जळत होती. दोन-तीन हात खाली ती विरळ नव्हती.

मी कठड्यापासून दहा पावलांवर येऊन थांबलो. भीतीने मला ओरडू दिलं नाही, आणि आयुष्यात पहिल्यांदा ते बरंच झालं. मी किंचाळलो असतो तर काका दचकले असते. दचकून दोर हातातून निसटला असता तर तिसरा वाव आपोआप पुरा झाला असता. मी उभा राहिलो.

"काका," मी म्हणालो. आवाज अगदी बारीक निघाला. "दोर धरून ठेवा. खाली सोडू नका. बोटभरही नको."

काकांनी मान वळवली नाही. "तुमीच बोललात ना सायब, हवा वायट? तेच बगतोय. आमच्या बावीत आमचा कंदील सोडायला बी आता तुमची परवानगी लागंल का?"

त्यांचा उजवा हात दोरावर पुढे सरकला. पुढची वीतभर सोडायला.

"हवा नाही," मी म्हणालो. "काका, हवा नाही. पेट्रोल आहे."

हात थांबला.

"वरच्या पंपाची टाकी गळतेय. विहिरीत पेट्रोलची वाफ भरलीय. कंदील आणखी खाली गेला तर पेटेल. सगळं पेटेल."

कोणी किंचाळलं नाही. आजही मला त्या माणसांचं नवल वाटतं. काकांच्या मानेवरची शीर तट्ट फुगली, पण हात दगडासारखा स्थिर. ते खालच्या आवाजात म्हणाले, "चंपा, पोरांना मागं घे. प्रज्ञेश, पाय भायेर काढ. हळू. दगड पाडू नको." चंपाकाकीने दोन पोरांना बखोटीला धरून उचललं, बाकीच्यांना बायकांनी ओढलं. प्रज्ञेशने पाय बाहेर काढला आणि तसाच कठड्याजवळ बसून राहिला. बापाला एकटं सोडून मागे जायला तो तयार नव्हता.

काकांनी दोर वर घ्यायला सुरुवात केली. वीत, वीत. दोर ओलसर होता, त्याला पीळ होता, त्यामुळे कंदील फिरत होता. मला आत बघायची हिंमत नव्हती, आणि न बघायचीही नव्हती. मी एक पाऊल पुढे गेलो आणि बघितलं. काळ्या भोकात तो कंदील आणि काचेच्या आत लांब झालेली ज्योत, कडेने निळसर पिसारा. तो हलला. जांभ्याच्या बाहेर आलेल्या चिऱ्याला काच लागली, खण्ण असा आवाज झाला. काकांनी डोळे मिटून घेतले. मी बुद्धाचं, गणपतीचं, ज्याचं आठवेल त्याचं नाव घेतलं. काच फुटली नव्हती. ज्योत एकदा खाली बसली, मग पुन्हा उभी राहिली. पिवळी.

कठड्याच्या वर कंदील आला तेव्हा काकीने पुढे होऊन तो दोरासकट उचलला. फुंकर तिथे मारली नाही. दोन्ही हातांनी धरून, भरलेला हंडा न्यावा तशी ती सोळा घरांच्या पार पलीकडे चालत गेली आणि तिथे पाठ करून तिने तो विझवला. मग काका खालीच बसले.

प्रज्ञेश माझ्या अंगावर येईल असं वाटलं होतं. तो आला नाही. तो पडवीच्या कोपऱ्यात गेला, तिथे जेमतेम रेंज मिळते, आणि भराभर फोन लावायला लागला, पोलीस पाटलाला, तहसील कचेरीत, टँकरसाठी. मी सांगत होतो, चुली विझवा, विडी नको, विहिरीच्या जवळपास स्विचही दाबू नका, आणि माणसं ऐकत होती, निमूट. त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

काकी परत आली.

"सकाळी पानी नको बोललास," ती म्हणाली. अहो-जाहो आता गेलं होतं. "ते ह्याच्यासाठी?"

"हो काकी."

"तवा ठावं होतं तुला?"

"वास आला होता. खात्री नव्हती."

ती आणखी जवळ आली. "मला वाटलं जात बगितलीस. तसं असतं तर बरं होतं रे. दोन शिव्या घातल्या असत्या नि इसरली असती. सोता नाय पियालास. आनि माझी सून पिताना बगत उबा ऱ्हायलास."

काका खाली बसल्या बसल्या म्हणाले, "अडतीस वर्सं मी कंदील सोडतोय. एक मानूस दगावू दिला नाय मी ह्या बावीत." त्यांनी विहिरीकडे बघितलं. "आज माज्या हातानं सोळा घरांची..." प्रज्ञेशने येऊन त्यांचा हात घट्ट धरला. मला रडू आलं. मी लपवलंही नाही. ज्या माणसाने आयुष्यभर नियम पाळला, त्याच्या नियमाचाच मी फास केला होता, एक शब्द गिळून.

मग बायका घरांतून हंडे आणायला लागल्या. कोणी सांगितलं नव्हतं. कळशा, प्लास्टिकचे ड्रम, माठ, फ्रीजमधल्या बाटल्या. सगळं अंगणात ओळीने ठेवलं.

"ह्ये आजचं," एक म्हणाली.

मी वाकून वास घेतला. "नको."

"ह्ये परवाचं."

"नको."

"फ्रीजातलं?"

"तेही ह्याच विहिरीचं ना? नको."

"उकळून?"

"उकळायला तर मुळीच नको, काकी. पेटवायचंच नाही काही."

एकेक भांडं बाजूला सरत गेलं. शेवटी पिण्याजोगं म्हणून राहिली ती मुंबईहून कोणी आणलेली एक बंद बाटली. वाडीत लहान-मोठी सत्तर माणसं होती.

"कदीपासनं हाय हे?" काकांनी विचारलं.

मला मॅनेजरचं बोलणं आठवत होतं. टाकीची पातळी उतरायला लागली दिवाळीनंतर. जांभ्यातून खाली यायला किती दिवस लागले असतील, ते मला सांगता येत नव्हतं. चव त्यांना दोन महिन्यांपासून लागत होती, पण चव लागायच्या आधीही ते पाण्यात असणारच. हे सगळं मी सांगितलं. ह्या वेळी काहीही न गिळता सांगितलं. टाकी दिवाळीपासून गळत असावी म्हटलं.

प्रत्येक जण मागे मोजत होता. दिवाळीनंतर कोणाचं लग्न झालं, कोणाचं बाळ जन्मलं, कोणाच्या म्हाताऱ्याच्या पोटात दुखायला लागलं आणि रत्नागिरीच्या डॉक्टरांना ते का कळलं नाही. तोंडं बघून मला ते मोजणं दिसत होतं.

रेणुका पडवीची पायरी उतरून खाली आली. तिच्या हातात कात्री अजून तशीच होती. ती माझ्यासमोर उभी राहिली.

"मला सहावा महिना आहे," ती म्हणाली. शाळेत प्रश्न विचारावा तितक्या स्पष्ट आवाजात. "पहिल्या दिवसापासून मी हेच पाणी पितेय. बाळाला काही झालं असेल का?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मला काहीतरी बरं बोलायचं होतं. पाण्यात ते पातळ होतं म्हणायचं होतं, डॉक्टर बघतील म्हणायचं होतं. तोंडात वाक्य तयार झालंही होतं, पण ते बोलायची मला भीती वाटली, आणि ह्या वेळची भीती वेगळी होती.

"मला माहीत नाही," मी म्हणालो.

तिने मान डोलावली. काकीने मागून येऊन तिच्या हातातली कात्री काढून घेतली.

"माहीत नाही," रेणुका म्हणाली, "एवढं तरी सकाळी सांगता आलं असतं तुम्हाला."

हो, मी म्हणालो. आलं असतं.